बँड येत नाही, किंवा पाण्याच्या ट्यूबमध्येही येतो: १६एस पीसीआर पायरीपायरीने

मातीतून जिवाणू वेगळा केला, प्लेटवर शुद्ध कॉलनी मिळाली, ओळख पटवायला सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या १६एस जनुकाचा पीसीआर (त्या जनुकाच्या असंख्य प्रती बनवायची पद्धत) लावला, आणि जेलवर लॅडर, म्हणजे मोजमापासाठीचे डीएनएचे तुकडे, सोडून एकही बँड (डीएनएचा पट्टा) नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळ्या लेनमध्ये सुरेख बँड, आणि ज्या ट्यूबमध्ये डीएनएऐवजी नुसतं पाणी होतं तिच्यातही तसाच बँड. एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की हे दोन प्रश्न घेऊन विद्यार्थी येतातच. बहुतेकांनी येण्याआधी एक गोष्ट केलेली असते, ती म्हणजे मशीनवरचं तापमान बदलून पाहिलेलं असतं. ५५ च्या जागी ५२, मग ५०, मग ४८.

मला हा क्रमच चुकीचा वाटतो. हा पीसीआर बिघडतो तो बहुतेक वेळा मशीनचं झाकण लावण्याआधी, म्हणजे पाण्यात, पिपेटमध्ये, प्रायमरच्या (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) हिशेबात किंवा टेम्प्लेटमध्ये (ज्याच्या प्रती काढायच्या त्या डीएनएमध्ये). म्हणून या लेखात मशीनवर थोडंच आहे आणि तयारीवर जास्त.

उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे. २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर, साधा टॅक पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती बनवणारं एन्झाइम), २५ मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन आणि साधारण १५०० बेसचा अपेक्षित तुकडा. तुमच्याकडे २एक्सचं (दुप्पट तीव्रतेचं) तयार मिक्स असेल तर टप्पा ५ मधला हिशेब सोपा होतो, पण बाकी काही बदलत नाही.

## टप्पा १: जागा वेगळ्या करा

आधी एक हिशेब करू. रिअ‍ॅक्शन चांगली झाली तर २५ मायक्रोलिटरमध्ये सहज ५०० नॅनोग्रॅम तुकडा तयार होतो. १५०० बेसच्या तुकड्याच्या या सुमारे ३० हजार कोटी प्रती झाल्या. ट्यूब उघडताना मायक्रोलिटरच्या हजाराव्या भागाएवढा तुषार उडाला, तरी त्यात सव्वा कोटी प्रती असतात. तो तुषार हातमोज्यावर बसतो, हातमोजा पाण्याच्या बाटलीला लागतो, आणि पुढचे दोन महिने पाण्याच्या ट्यूबमध्ये बँड येत राहतो.

म्हणून तीन जागा ठरवा:

१. मिक्स करायची जागा. इथे कुठलाही डीएनए येत नाही. वेगळी खोली नसली तरी चालेल, एक कोपरा आणि तिथलीच पिपेट, टिपा, रॅक, हातमोजे पुरेत.

२. टेम्प्लेट टाकायची जागा.

३. जेलची जागा. पीसीआर झालेली ट्यूब फक्त इथेच उघडायची.

जायचा रस्ता १ कडून ३ कडे, उलटा कधीच नाही. जेल लोड करून आल्यावर मिक्स करायला बसायचं असेल तर आधी हातमोजे बदला, एप्रन बदला आणि शक्यतो मिक्स दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

टेबल पुसायला स्पिरिट पुरत नाही. ७० टक्के अल्कोहोलने जिवाणू मरतात, डीएनए मात्र टेबलावर तसाच राहतो. त्यासाठी त्याच दिवशी बनवलेलं ब्लीच हवं, म्हणजे एक भाग बाजारी ब्लीच आणि नऊ भाग पाणी. लावून दहा मिनिटं थांबा आणि मग स्वच्छ पाण्याने पुसून काढा, नाहीतर स्टीलवर गंज धरतो आणि उरलेलं ब्लीच तुमच्याच रिअ‍ॅक्शनला मारतं.

इशारा: ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी निर्जंतुक असतं, पण ते डीएनएमुक्त असेलच असं नाही. जिवाणू मेले तरी त्यांच्या डीएनएचे तुकडे उरतात, आणि १६एसचे प्रायमर नेमके तेच शोधत असतात. पीसीआरसाठी न्यूक्लिएजमुक्त पाण्याची छोटी बाटली विकत घ्या आणि पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या नळ्यांत भरून तिचे एक-एक मिलिलिटरचे अ‍ॅलिकॉट करा. एक अ‍ॅलिकॉट एका आठवड्याला. त्यातून काही उरलं तर टाकून द्या.

यावर एवढं लिहायला कारण आहे. एकदा आमच्या पाण्याच्या ट्यूबमध्ये सलग काही आठवडे बँड येत होता. पाणी बदललं, प्रायमर नवीन मागवले, टॅकची नवी नळी उघडली, तरी बँड तसाच. शेवटी मिक्सच्या कोपऱ्यातलं १० मायक्रोलिटरचं पिपेट खोलून पाहिलं. टिप बसते त्या निमुळत्या टोकाच्या आत निळसर, सुकलेली एक कडी होती. तो जेलचा लोडिंग डाय होता. कुणीतरी कधीतरी जेल लोड करायला ते पिपेट नेलं होतं आणि पुसून परत जागेवर ठेवलं होतं. डाय आत ओढला गेला, म्हणजे त्याच्याबरोबर पीसीआरचं उत्पादनही आत गेलं. तेव्हापासून मिक्सच्या पिपेटांना लाल टेप आहे, आणि लाल टेपवालं पिपेट जेलच्या टेबलावर दिसलं तर मी त्या दिवशीचं सगळं काम थांबवते.

## टप्पा २: प्रायमर विरघळवा

प्रायमर सुकी पूड म्हणून येतो. टपालात चार दिवस उन्हात राहिला तरी घाबरू नका, सुका प्रायमर ते सहन करतो. नुकसान होतं ते आपण नळी उघडतो तेव्हा. ती पूड डोळ्याला दिसत नाही, अनेकदा झाकणाला चिकटलेली असते आणि झाकण फटकन उघडलं की उडून जाते.

१. न उघडता नळी सेंट्रिफ्यूजमध्ये एक मिनिट फिरवा.

२. लेबलवरचा नॅनोमोलचा आकडा वाचा आणि त्याला १० ने गुणा. येईल तितके मायक्रोलिटर द्रव टाकला की १०० मायक्रोमोलरचा स्टॉक होतो. २४.६ नॅनोमोल असेल तर २४६ मायक्रोलिटर.

३. दहा मिनिटं थांबा, व्होर्टेक्स करा, पुन्हा स्पिन करा.

४. १० मायक्रोलिटर स्टॉक आणि ९० मायक्रोलिटर पाणी घेऊन १० मायक्रोमोलरचं वर्किंग बनवा. रोज वापरायचं ते हेच. १०० चा स्टॉक उणे २० वर मागे ठेवून द्या.

नेहमीची चूक: लेबलवर नॅनोमोल, मायक्रोग्रॅम आणि ओडी (प्रकाश शोषण) असे तीन आकडे असतात. घाईत मायक्रोग्रॅमचा आकडा उचलला जातो आणि प्रायमर कित्येक पट पातळ किंवा घट्ट होतो. पातळ झाला तर बँड येत नाही, घट्ट झाला तर खाली प्रायमर-डायमरचा (एकमेकांना चिकटलेल्या प्रायमरचा) जाड पट्टा येतो. आकडा वहीत उतरवा आणि शेजारच्याला लेबल वाचायला सांगून ताडून घ्या.

दुसरी चूक म्हणजे वर्किंगवर फक्त 'एफ' आणि 'आर' लिहिणं. सहा महिन्यांनी फ्रीजमध्ये तीन 'एफ' सापडतात. पूर्ण नाव, तीव्रता आणि तारीख नळीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहू नका, कारण झाकणं अदलाबदल होतात.

## टप्पा ३: पिपेट तपासा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि त्याला लागतात फक्त पंधरा मिनिटं. अ‍ॅनॅलिटिकल वजनकाट्यावर एक छोटी नळी ठेवा, शून्य करा आणि २० मायक्रोलिटर पाणी टाका. काटा २० मिलिग्रॅमच्या अगदी जवळ दाखवायला हवा. असं दहा वेळा करा. आकडे दरवेळी वेगळे येत असतील तर दोष बहुधा हाताचा. सगळे सारखेच, पण सगळेच कमी येत असतील तर पिपेटची सील बहुधा गेलेली असते.

हाताचा दोष म्हणजे काय ते जवळून बघा. अंगठा पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचा, टिपेचं टोक द्रवात एखाद-दोन मिलिमीटरच बुडवायचं, अंगठा सावकाश सोडायचा, एक क्षण थांबायचं आणि मग टिप बाहेर काढायची. बरेच जण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढतात आणि जास्त घेतात. टॅकच्या बाबतीत टिप नळीच्या तळापर्यंत बुडवतात. टॅक ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतो, मधासारखा चिकट. टिपेच्या बाहेरच्या अंगाला चिकटून जितका जातो तितका कधीकधी आतसुद्धा नसतो. चार दिवसांत नळी रिकामी होते आणि रिअ‍ॅक्शनमध्ये टॅक जास्त पडत राहतो.

## टप्पा ४: टेम्प्लेट

जिवाणूचा शुद्ध डीएनए असेल तर २५ मायक्रोलिटरला १ ते १० नॅनोग्रॅम भरपूर झाला. 'बँड येत नाही, म्हणून डीएनए वाढवू' हा पहिला मोह असतो, आणि तो आवरला पाहिजे. हिशेब पाहा. इ. कोलायच्या आकाराच्या एका जीनोमचं वजन सुमारे ५ फेम्टोग्रॅम असतं. १० नॅनोग्रॅममध्ये असे २० लाख जीनोम येतात, आणि इ. कोलायच्या प्रत्येक जीनोममध्ये १६एसच्या सात प्रती असतात. एवढ्या प्रती असूनही बँड येत नसेल तर डीएनए कमी पडलेला नाही. त्याच्याबरोबर आलेलं काहीतरी टॅकला काम करू देत नाही.

ते काहीतरी काय असतं?

मातीतून थेट काढलेल्या डीएनएमध्ये ह्युमिक अ‍ॅसिड येतं. द्रव फिकट चहासारखा दिसला तर संशय घ्या. फिनॉलने काढलेल्या डीएनएत फिनॉलचा अंश राहतो. अल्कोहोलने धुऊन पेलेट नीट न सुकवता विरघळवला तर अल्कोहोल राहतं. आणि डीएनए ठेवायच्या टीई बफरमधलं ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं. टॅकला मॅग्नेशियम लागतंच, त्यामुळे टीईमधला डीएनए एका रिअ‍ॅक्शनला ५ मायक्रोलिटर टाकला तर आपण आपल्याच हाताने मॅग्नेशियम काढून घेतो.

यावर पहिला उपाय सोपा, आणि फुकटचा. डीएनए पातळ करा. मूळ, दहापट पातळ आणि शंभरपट पातळ असे तीन नमुने शेजारी शेजारी लावा. मूळमध्ये काही नाही आणि शंभरपट पातळमध्ये ठळक बँड, हे जेल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की 'जास्त डीएनए म्हणजे जास्त बँड' ही समजूत कायमची जाते. पातळ करूनही जमलं नाही तर रिअ‍ॅक्शनमध्ये बीएसए हे प्रथिन टाकून पाहा. ह्युमिक अ‍ॅसिडला ते बऱ्यापैकी बांधून ठेवतं.

तपासा: प्रकाश शोषणाचं (नॅनोमीटरमध्ये) २६० भागिले २८० हे गुणोत्तर १.८ च्या आसपास आणि २६० भागिले २३० हे २ च्या आसपास हवं. पहिलं ठीक आणि दुसरं १ च्या खाली असेल तर डीएनए पातळ केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

थेट कॉलनीवरून पीसीआर करणार असाल तर टूथपिकला जेमतेम दिसेल इतकीच कॉलनी उचला. ५० मायक्रोलिटर पाण्यात मिसळा, ९५ अंशावर १० मिनिटं ठेवा, स्पिन करा आणि वरचं निवळ पाणी १ मायक्रोलिटर घ्या. कॉलनीचा गोळा उचलून टाकणारे इथेच फसतात. अगारचा तुकडाही बरोबर येऊ देऊ नका. बॅसिलससारख्या जाड भिंतीच्या जिवाणूंना एवढ्याने पाझर फुटत नाही, त्यांचा डीएनए लायसोझाइम वापरून रीतसर काढलेला बरा.

## टप्पा ५: हिशेब कागदावर, मिक्स नंतर

एका रिअ‍ॅक्शनचं माप:

- पाणी १९.८ मायक्रोलिटर
- १०एक्स बफर २.५. त्यात १५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आहे ना, ते लेबलवर पाहा
- डीएनटीपी मिक्स (डीएनएचे चार सुटे घटक) ०.५, प्रत्येकी १० मिलिमोलर
- २७एफ प्रायमर ०.५, १० मायक्रोमोलर
- १४९२आर प्रायमर ०.५, १० मायक्रोमोलर
- टॅक ०.२, मायक्रोलिटरला ५ युनिट
- टेम्प्लेट १

बेरीज २५. ती दरवेळी करा. बेरीज जुळत नसेल तर कुठलातरी आकडा चुकला आहे.

दोन सापळे इथेच आहेत. काही कंपन्या मॅग्नेशियम बफरमध्येच देतात, काही वेगळ्या नळीत. वेगळी नळी डब्याच्या कोपऱ्यात पडून राहिली तर एकाही लेनमध्ये बँड येणार नाही. दुसरा सापळा डीएनटीपीचा. '१० मिलिमोलर मिक्स' म्हणजे चारही मिळून १०, की प्रत्येकी १०? चारही मिळून असेल तर प्रत्येकी अडीचच, आणि वरच्या मापाने तुमच्या रिअ‍ॅक्शनमध्ये चौपट कमी डीएनटीपी पडेल. डीएनटीपी पुन्हा पुन्हा गोठवून वितळवला की खराब होतो, म्हणून त्याचेही लहान अ‍ॅलिकॉट करा.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या ट्यूब. आठ नमुने असतील तर ट्यूब अकरा:

- आठ नमुने
- पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे आधी चाललेला इ. कोलायचा डीएनए
- कोरा कंट्रोल, टेम्प्लेटऐवजी पाणी
- एक्स्ट्रॅक्शन ब्लँक, म्हणजे नमुना न टाकता डीएनए काढायची सगळी पद्धत जशीच्या तशी करून मिळालेलं द्रव

तिसरा कंट्रोल जवळजवळ कुणीच लावत नाही. पण डीएनए काढायच्या किटमध्येही जिवाणूंच्या डीएनएचा अंश असू शकतो, आणि तो फक्त याच ट्यूबमध्ये दिसतो.

अकरा ट्यूबसाठी बारांचं मिक्स करा. पाणी २३७.६, बफर ३०, डीएनटीपी ६, प्रायमर ६ आणि ६, टॅक २.४. एकूण २८८, प्रत्येक ट्यूबला २४. वेगवेगळ्या अकरा ट्यूबमध्ये ०.२ मायक्रोलिटर टॅक मोजून टाकणं कुठल्याच हाताला जमत नाही, मास्टर मिक्स करायचं खरं कारण हे आहे.

## टप्पा ६: मिक्स करायचा क्रम

१. थर्मोकॉलच्या डब्यात कुटलेला बर्फ घ्या. मोठ्या खड्यांमध्ये नळी हवेत लोंबकळते, गार होत नाही. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात प्रयोगशाळेतच ३८-४० अंश असतात, तेव्हा हे विशेष जपा.

२. टॅक सोडून सगळं बर्फावर पूर्ण वितळू द्या. अर्धवट वितळलेल्या बफरचा वरचा भाग पातळ आणि खालचा खारट असतो. वितळलं की व्होर्टेक्स करा आणि स्पिन करा. ही सूचना साधी वाटते, पण 'काल आलं, आज नाही' या तक्रारीच्या मागे मला अनेकदा हेच सापडलं आहे.

३. टॅक फ्रीजरमधून सगळ्यात शेवटी काढा. तो व्होर्टेक्स करायचा नाही, नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि स्पिन करा.

४. क्रम ठरलेला ठेवा: पाणी, बफर, डीएनटीपी, प्रायमर, टॅक. टॅक थेट कोऱ्या पाण्यात टाकायचा नाही.

५. एकेक घटक टाकला की कागदावर त्याच्यासमोर टिक करा. 'मी एफ टाकला का?' असं मनात आलं आणि टिक नसेल, तर मिक्स फेकून द्या. अंदाजाने पुन्हा टाकू नका.

६. मिक्स पिपेटने चार-पाच वेळा वरखाली करून एकजीव करा. ग्लिसरॉलमुळे टॅक तळाशी बसतो. हलवलं नाही तर पहिल्या ट्यूबमध्ये टॅक नाही आणि शेवटच्यात सगळा, असं होतं.

७. प्रत्येक ट्यूबमध्ये २४ मायक्रोलिटर टाका. मग दुसऱ्या जागी जाऊन टेम्प्लेट टाका.

टेम्प्लेट टाकायलाही क्रम आहे. आधी एक्स्ट्रॅक्शन ब्लँक, मग नमुने, मग पॉझिटिव्ह, आणि कोऱ्या कंट्रोलमधलं पाणी सगळ्यात शेवटी. पाणी पहिल्यांदा टाकून झाकण लावलं तर नंतर झालेला गोंधळ त्या ट्यूबला कळतच नाही. ती ट्यूब शेवटपर्यंत उघडी राहिली तरच ती खरी साक्ष देते.

तपासा: सगळ्या ट्यूब उजेडासमोर धरा. पातळी सारखी आहे का? एखादी कमी दिसली तर आत्ताच शोधा. झाकणं दाबून घ्या आणि स्पिन करा, एकही बुडबुडा राहू देऊ नका.

## टप्पा ७: मशीन

- ९५ अंश, ५ मिनिटं
- ९५ अंश ३० सेकंद, ५५ अंश ३० सेकंद, ७२ अंश ९० सेकंद. ही ३० चक्रं
- ७२ अंश, ७ मिनिटं
- शेवटी १० अंशावर थांबा

९० सेकंद का, तर साधा टॅक मिनिटाला साधारण एक हजार बेस वाचतो आणि आपला तुकडा १५०० चा आहे. दुसऱ्या कुणाच्या ३०० बेसच्या तुकड्याचा प्रोग्राम उचलून वापरलात तर इथेच अडकाल.

झाकणाचं तापमान १०५ अंश आहे का ते पाहा, नाहीतर वाफ झाकणाला धरते आणि तळाशी घट्ट खारट थेंब उरतो. ब्लॉक ९५ अंशावर गेल्यावरच बर्फावरच्या ट्यूब आत ठेवा. साधा टॅक खोलीच्या तापमानालाही थोडंफार काम करतो आणि प्रायमर एकमेकांना चिकटवून ठेवतो. हॉट-स्टार्ट (तापवल्यावरच काम सुरू करणारं) एन्झाइम असेल तर ही घाई लागत नाही, पण मग पहिला ९५ अंशाचा वेळ त्याच्या पत्रकात दिलेला पाळा.

चक्रं ४० करू नका. वरचा २० लाख जीनोमचा हिशेब आठवा. शुद्ध कॉलनीसाठी ३० चक्रं खूप झाली, बहुतेकदा २५ पुरतात. शिवाय १६एसचा एक खास सापळा आहे. टॅक हे एन्झाइम बहुतेक वेळा इ. कोलायमध्ये वाढवून काढलं जातं, आणि त्याच्याबरोबर जिवाणूच्या डीएनएचा लवलेश येऊ शकतो. आपले प्रायमर जवळपास सगळ्या जिवाणूंना पकडतात. ३५-४० चक्रांत तो लवलेशसुद्धा कोऱ्या कंट्रोलमध्ये बँड होऊन उभा राहतो. तुमचा हात निर्दोष असतो, चूक असते ती चक्रांच्या आकड्यात.

मशीन यूपीएसवर हवं. तरीही वीज गेलीच तर वेळ आणि चक्राचा आकडा लिहून ठेवा. बरीच मशीन वीज आल्यावर पुढे चालू होतात आणि बँड मिळतोही. पण अशा रनमध्ये बँड आला नाही, तर त्यावरून कुठलाही निष्कर्ष लिहू नका.

## टप्पा ८: जेल

४० मिलिलिटर १एक्स टीएई बफरमध्ये ०.४ ग्रॅम अ‍ॅगारोज, म्हणजे एक टक्का. मायक्रोवेव्हमध्ये थांबत थांबत उकळा आणि फ्लास्क हळूच फिरवून उजेडासमोर धरा. साबुदाण्याच्या खिरीसारखे पारदर्शक कण दिसत असतील तर अजून विरघळलेलं नाही. तसंच ओतलं तर बँड वाकडेतिकडे धावतात. फ्लास्क बाहेर काढताच जोरात हलवू नका. तापलेलं अ‍ॅगारोज एकदम उसळून हातावर येतं.

फ्लास्क हाताला सोसेल इतका, साधारण ६० अंशाला निवला की इथिडियम ब्रोमाइड टाका. मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या स्टॉकमधले २ मायक्रोलिटर पुरतात. नायट्राइलचे हातमोजे घाला. हा पदार्थ डीएनएमध्ये घुसून बसतो, म्हणूनच तो चमकतो आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. वापरलेलं जेल, टिपा आणि बफर वेगळ्या डब्यात जमवा, बेसिनमध्ये ओतू नका. त्यावर ब्लीचही टाकू नका, त्यातून तयार होणारे पदार्थही घातक असतात.

जेल पूर्ण घट्ट व्हायला अर्धा तास द्या. कंगवा बफरमध्ये बुडवून, सरळ वर काढा.

टाकीत तेच १एक्स टीएई घाला, जेलच्या वर दोन-तीन मिलिमीटर. घाईत डिस्टिल्ड वॉटर ओतलं तर डीएनए जागचा हलत नाही. उलट ५०एक्स पातळ न करता ओतलं तर जेल वितळतं. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

५ मायक्रोलिटर उत्पादनात १ मायक्रोलिटर ६एक्स डाय मिसळून लोड करा. टिप खळग्याच्या तोंडाशी ठेवा, तळाला टोचू नका. द्रव जड असतो, आपोआप खाली बसतो. डीएनए ऋण भाराचा, म्हणून तो लाल टोकाकडे जातो. खळगे काळ्या टोकाकडे हवेत. व्होल्टेज दोन तारांमधल्या अंतरावरून ठरवा, सेंटिमीटरला ५ व्होल्ट. तारांमध्ये १५ सेंटिमीटर असतील तर ७५ व्होल्ट. घाईने १५० वर चालवलं तर जेल तापतं आणि बँड हसऱ्या तोंडासारखे वाकतात.

तपासा: वीज सुरू केल्यावर तारांवरून बुडबुडे येतात का? पाच मिनिटांनी निळा डाय लाल टोकाकडे सरकला का? नसेल तर आत्ताच थांबवा. पाऊण तासानंतर कळून उपयोग नाही.

## टप्पा ९: वाचायचं कसं

आधी कंट्रोल पाहायचे, नमुने नंतर. यावर मी अडून बसते. नमुन्यात बँड दिसला की नजर तिथेच अडकते आणि कोऱ्या कंट्रोलमधल्या फिकट बँडला आपण 'अगदीच थोडा आहे' म्हणून सोडून देतो.

पॉझिटिव्हमध्येही काही नाही. मिक्समध्ये काहीतरी राहिलं किंवा मेलं आहे. टिकांचा कागद पाहा, मॅग्नेशियम पाहा, डीएनटीपीची नवी नळी घ्या. तापमानाला हात लावू नका.

पॉझिटिव्ह ठीक, नमुन्यात नाही. टेम्प्लेटचा प्रश्न. टप्पा ४ कडे परत जा आणि पातळ करा. खात्री हवी असेल तर एका ट्यूबमध्ये पॉझिटिव्हचा डीएनए आणि तुमचा नमुना एकत्र टाका. पॉझिटिव्हचा बँडही नाहीसा झाला, तर नमुन्यात अडथळा आणणारं काहीतरी नक्की आहे.

कोऱ्या कंट्रोलमध्ये १५०० चा बँड. त्या दिवशीचा एकही नमुना वापरायचा नाही. चक्रं २५ वर आणा. तरीही आला तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी पाणी, मग प्रायमरचं वर्किंग, मग टॅक, मग पिपेट. सगळं एकदम बदललं तर बँड जाईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तो परत येईल.

कोरा कंट्रोल स्वच्छ, एक्स्ट्रॅक्शन ब्लँकमध्ये बँड. मिक्स निर्दोष आहे, डीएनए काढताना काहीतरी मिसळलं आहे.

१०० बेसच्या खाली धूसर पट्टा. प्रायमर-डायमर. वर तुमचा बँड ठळक असेल तर चिंता नको.

बँडऐवजी खालपर्यंत पसरलेला धूर. टेम्प्लेट जास्त किंवा चक्रं जास्त. दोन्ही कमी करा.

१५०० च्या बरोबर आणखी दोन-तीन बँड. आता कुठे तापमानाची पाळी आली. ५५ वरून ५७, मग ५९. खाली नाही, वर. तापमान उतरवलं की प्रायमर जुळत नसलेल्या जागीही चिकटतो, आणि नको असलेले बँड वाढतात.

## सीक्वेन्सिंगला पाठवण्याआधी

एकच ठळक बँड असेल तरच उत्पादन शुद्ध करून बेसचा क्रम वाचायला पाठवा. सँगर सीक्वेन्सिंगमध्ये एका बाजूने साधारण ७०० ते ९०० बेस भरवशाचे मिळतात, म्हणून १५०० च्या तुकड्यासाठी २७एफ आणि १४९२आर अशा दोन्ही बाजूंनी करून घ्या आणि मधला भाग जुळवा. प्रायमर वेगळ्या नळीत द्या. आलेल्या फाइलमधली नुसती अक्षरं उचलून डेटाबेसमध्ये टाकू नका, आधी आलेखाची शिखरं पाहा. एका जागी दोन शिखरं एकावर एक दिसत राहिली तर बहुधा कॉलनी शुद्ध नव्हती, आणि काम पुन्हा प्लेटवर रेघा ओढण्यापासून सुरू करायचं. सुरुवातीची २०-३० अक्षरं आणि शेवटचा अस्पष्ट भाग कापा. मग शोध लावा, आणि वहीत जेलच्या फोटोशेजारी लिहा: तारीख, पाण्याच्या अ‍ॅलिकॉटचा क्रमांक, टॅकचा लॉट, चक्रं किती, आणि कोरा कंट्रोल कसा होता.